दोन वर्षांचा व्हिसा, वीस वर्षांचा साप

"बाबा, मला साप हवाय."

गुरुवारची रात्र होती. इथे बहारीनला शुक्रवार-शनिवार सुट्टी, त्यामुळे गुरुवारची रात्र म्हणजे आठवड्यातला सगळ्यात निवांत वेळ. पानात वरणभात, बाजूला तळलेली सफी (इथला लाडका मासा, खाताना सुरमईची आठवण थोडी कमी होते), एसी जोरात चालू. बाहेर ऑगस्टचा असा दमट उकाडा की दाराबाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ जमते. अशा वेळी दहा वर्षांच्या कन्येने अत्यंत शांतपणे हे वाक्य टाकलं आणि भाताचा पुढचा घास घेतला.

मी म्हटलं, "रबराचा ना?"

"नाही. खरा."

बायकोच्या हातातला डाव वरणातच थांबला.

तर मंडळी, त्यानंतरचे तीन महिने आमच्या घरात जे काही झालं त्याची ही गोष्ट. सापाचं नुसतं नाव काढलं तरी ज्यांच्या अंगावर काटा येतो त्यांनी इथूनच परत फिरावं, आम्ही रागावणार नाही.

खरं सांगायचं तर दोष माझाच. उन्हाळ्यात इथे मुलांना न्यायला जागा दोनच, मॉल आणि म्युझियम. मॉलमध्ये खिसा हलका होतो म्हणून मी तिला राष्ट्रीय संग्रहालयात नेलं. मनामाहून मुहर्रकला जाणाऱ्या रस्त्यालगत, समुद्राच्या काठावर ही पांढरी, शांत इमारत आहे. १९८८ साली उघडलेली. आत दिलमुनची दालनं आहेत. दिलमुन म्हणजे या बेटाचं प्राचीन नाव. मेसोपोटेमिया आणि आपली सिंधू संस्कृती यांच्यामधलं व्यापाराचं ठाणं. तिथे मातीचे काही वाडगे मांडलेले आहेत आणि त्या वाडग्यांत आहेत सापांचे सांगाडे.

१९५०च्या दशकात पी. व्ही. ग्लोब आणि जेफ्री बिबी यांच्या डॅनिश मोहिमेने इथल्या 'कलात अल बहारीन' या किल्ल्याच्या टेकाडात खोदकाम केलं. (ही जागा २००५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.) तिथे एका मोठ्या वास्तूच्या जमिनीखाली त्यांना हे झाकून पुरलेले वाडगे सापडले. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचे. प्रत्येकात वेटोळं घातलेला साप, काहींमध्ये सोबत एखादा मणी. बिबीने या प्रकाराचा धागा गिल्गामेशच्या कथेशी जोडला. गिल्गामेश राजा पायाला दगड बांधून समुद्राच्या तळाशी जातो आणि कधी म्हातारं होऊ न देणारी वनस्पती घेऊन येतो. परतीच्या वाटेवर तो अंघोळीला थांबतो, तेवढ्यात साप येऊन ती वनस्पती खातो आणि कात टाकून निघून जातो. बहारीनचे मोती काढणारे पाणबुडेसुद्धा पायाला दगड बांधूनच खाली जायचे, हे इथे आलं की कळतं.

ही गोष्ट मी तिला मोठ्या उत्साहात सांगितली. तिने विचारलं, "मग त्या लोकांना साप आवडायचे की भीती वाटायची?"

मी म्हटलं, "दोन्ही असेल. बळी दिले असावेत असं म्हणतात."

ती बराच वेळ काचेला नाक लावून उभी होती. मग म्हणाली, "मेल्यावर घरात ठेवण्यापेक्षा जिवंत ठेवला असता तर?"

आता बोला! याला मी काय उत्तर देणार?

घरातली पहिली सुनावणी आजीपुढे झाली. माझी आई व्हिडिओवर होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एका वाक्यात निकाल दिला, "महादेवाच्या गळ्यात शोभतो, माझ्या नातीच्या गळ्यात नको."

मी गप्प होतो, कारण मला माझं आजोळ आठवत होतं. नागपंचमीला मामा मला बत्तीस शिराळ्याला न्यायचा. मडक्यांत ठेवलेले नाग, त्यांच्या मिरवणुका, ढोल, माणसांचा समुद्र. मामाच्या खांद्यावर बसून मी फणा काढलेला नाग बघायचो आणि मला वाटायचं की तो खुशीत येऊन डोलतोय. तो घाबरून उभा राहिलेला असतो, समोरच्या हलणाऱ्या वस्तूवर नजर ठेवून झुकतो, आणि दूध हे त्याचं अन्नच नव्हे, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. १९७२चा वन्यजीव कायदा होताच, पुढे उच्च न्यायालयाचे आदेश आले आणि त्या मिरवणुका थांबल्या. मामाला वाईट वाटलं होतं. मला आत कुठेतरी बरं वाटलं होतं, पण ते मी त्याला कधी बोललो नाही.

म्हणजे सापाला देव मानून छळण्याची एक पद्धत मी बघितली होती. आता लाड म्हणून छळण्याची दुसरी पद्धत माझ्या घरात सुरू व्हायला नको, एवढंच मला वाटत होतं. मी लेकीला म्हटलं, "आधी अभ्यास करू. तीन महिने. त्यानंतरही हवा असेल तर बघू."

मनात म्हटलं, तीन महिन्यांत विसरेल. (सगळ्या बापांचा हा आवडता गैरसमज.)

तर अभ्यास. आम्ही इंजिनिअर लोक, त्यामुळे एक्सेल शीट उघडल्याशिवाय आम्हाला विचार करता येत नाही. आडव्या ओळीत साप, उभ्या रकान्यांत लांबी, आयुष्य, खाणं, स्वभाव, तापमान. कन्या शेजारी वही घेऊन.

पहिली ओळ आम्ही एका दुकानात जाऊन भरली. काचेच्या पेटीत पिवळाधमक, पांढऱ्या नक्षीचा अजगर होता, हातभर लांब, बघताच प्रेमात पडावं असा. दुकानदार म्हणाला, "बेबी आहे, एकदम शांत." बर्मीज अजगर होता तो. हे बाळ काही वर्षांत बारा-पंधरा फूट होतं आणि त्याला उचलायला दोन मोठी माणसं लागतात. अमेरिकेत फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्स दलदलीत सुटून गेलेल्या, सोडून दिलेल्या अशाच पाळीव अजगरांची पैदास इतकी झाली की तिथले ससे आणि रॅकून दिसेनासे झाले. हे बाळ कोणाच्या तरी घरी गेलं असेलच. पुढे त्याचं काय झालं याचा विचार मी करत नाही.

दुसरी ओळ मात्र अशी निघाली की मी खुर्चीतून उठलोच. एकाने सांगितलं, लहान मुलीला वाळूतला बोआ द्या, बोटाएवढा जाड, गरीब, चावत नाही. आपल्याकडच्या मांडुळाचा हा चुलतभाऊ. (मांडूळ म्हणजे ते बिचारं, ज्याला दोन तोंडं असतात आणि जे गुप्तधन दाखवतं म्हणून आपल्याकडे पकडून चोरून विकतात. तोंड एकच असतं, शेपटी बोथट असते. आणि धन फक्त विकणाऱ्याला मिळतं.) अरबस्तानातल्या या सापाचं शास्त्रीय नाव काय, तर एरिक्स जयकरी. जयकरी!

शोधलं तर खरंच आपले जयकर. आत्माराम सदाशिव जयकर, मुंबईचे डॉक्टर. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते मस्कतला ब्रिटिश एजन्सीचे सर्जन होते आणि अनेक वर्षं तिथेच राहिले. रुग्ण तपासता तपासता त्यांनी ओमानचे मासे, सरडे, साप गोळा करून लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठवले. १८८८ साली तिथल्या जॉर्ज बूलेंजरने या सापाला त्यांचं नाव दिलं. ओमानच्या डोंगरातला रानबोकडासारखा ताहर, एक पाल, एक समुद्रघोडा, सगळ्यांच्या नावात जयकर आहेत. शिवाय त्यांनी ओमानी म्हणी जमवल्या, अद-दमीरीच्या अरबी प्राणिकोशाचं इंग्रजीत भाषांतर केलं. तेल सापडायच्या कितीतरी आधी आखातात येऊन राहिलेला हा आपला माणूस, आणि आम्हाला त्याचा पत्ता नाही. आम्ही इथे वर्षानुवर्षं राहून काय गोळा केलं, तर कार्पेट आणि खजुराचे डबे!

कन्येला साप मराठी निघाल्याचा कोण आनंद झाला. "बाबा, हाच घेऊया. आजी नाही म्हणणार नाही."

पण अडचणी दोन. एक, जयकरांचा हा साप दिवसभर वाळूत बुडून असतो. डोळे डोक्याच्या वरच्या बाजूला, तेवढेच बाहेर. म्हणजे माझी मुलगी रोज सकाळी उठून पेटीभर वाळूला गुड मॉर्निंग म्हणणार. दुसरी अडचण मोठी. जो दाखवला तो वाळवंटातून धरून आणलेला होता, पुलापलीकडून, सौदीहून. रानातून पकडलेल्या सापाच्या अंगात बहुधा परोपजीवी असतात, तो घाबरलेला असतो, अनेकदा खातच नाही आणि मुकाट्याने झुरत मरतो. साप कण्हत नाही, ओरडत नाही, त्यामुळे कळतही नाही. शिवाय सगळे बोआ आणि अजगर 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराखाली येतात, बहारीनही २०१२ पासून त्यात आहे. कागद विचारले तर विकणारा माणूस माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मी भाजीवाल्याकडे कोथिंबिरीचा पासपोर्ट मागितला.

पहिला नियम तिथे ठरला. रानातला साप रानात. घरात येईल तो पिंजऱ्यात जन्मलेला, त्याचा जन्म आणि खाणं लिहिलेलं असलेला.

तिसरी ओळ बॉल पायथन. पश्चिम आफ्रिकेतला, चार-पाच फुटांचा, जाडजूड, लाजाळू. घाबरला की चावण्याऐवजी डोकं आत घेऊन चेंडू होतो. जगभर मुलांना हाच देतात. पण त्याला हवेत चांगला ओलावा लागतो. तुम्ही म्हणाल, बहारीनला ओलाव्याला काय तोटा? बाहेर आहे हो, घरात चोवीस तास एसी, हवा पापडासारखी कोरडी. कोरड्या हवेत त्याची कात तुकड्यातुकड्यांनी निघते, डोळ्यांवर अडकून राहते. आणि हे महाशय मनात आलं की दोन-दोन, तीन-तीन महिने उपास करतात. त्याची तब्येत ठीक असते, पण दहा वर्षांच्या मुलीची झोप उडते. आयुष्य तीस वर्षं सहज. अमेरिकेत सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयात २०२० साली एका बॉल पायथनने सात अंडी घातली, तेव्हा तिचं वय साठीच्या पुढे होतं! हे वाचून बायको म्हणाली, "म्हणजे हा आपल्या अस्थिविसर्जनाला येणार."

चौथी ओळ कॉर्न स्नेक. अमेरिकेच्या आग्नेय भागातला, मक्याच्या कोठारात उंदरांमागे येणारा, आपल्या धामणीच्या गोत्रातला पण छोटा. केशरी अंगावर तांबडे पट्टे. चार-पाच फूट लांब, जाडी बाबांच्या अंगठ्यापेक्षा थोडी जास्त. बिनविषारी. संध्याकाळी, म्हणजे शाळेचा अभ्यास संपल्यावर, हिंडायला बाहेर पडणारा. खाण्याचे नखरे नाहीत, ओलाव्याचे नखरे नाहीत. खोड एकच, पळून जातो. झाकणाला बोट जाईल एवढी फट असेल तर तो त्यातून निघालाच. आयुष्य पंधरा ते वीस वर्षं.

शीटवर तो सगळ्यांत पुढे होता. आता उरलं घर.

गार देशातल्या पुस्तकांत एकच धोशा असतो, सापाला ऊब द्या. इथे गंमत अशी की बाहेर पंचेचाळीस अंश असतानाही सापाला ऊब द्यावी लागते, कारण घरात बावीस असतं. पेटीची एक बाजू तीस अंशांच्या आसपास, दुसरी चोवीस-पंचवीस, दोन्हीकडे लपायला जागा, म्हणजे त्याला हवं तिथे तो सरकतो. साप स्वतःचं अंग आतून गरम करू शकत नाही, जागा बदलूनच तो ते साधतो. खालच्या तापपट्टीला थर्मोस्टॅट हवाच, नाहीतर पट्टी तापत राहते आणि साप पोटाला भाजून घेतो. दुसरी भीती उलटी. जुलैत एसी बंद पडला आणि आपण सुट्टीला सांगलीला असलो तर? दोन-तीन तासांत बंद घराची भट्टी होते. मग शेजाऱ्यांकडे किल्ली, माझ्या फोनवर तापमानाचा इशारा, अशी सगळी जुळवाजुळव केली. ऑफिसात पंपांसाठी जे करतो तेच, फक्त इथे यंत्राला जीव होता.

आणि मग उंदीर.

"फ्रीजरमध्ये?" बायकोचा आवाज चढला. "माझ्या ओल्या नारळाच्या शेजारी?"

जिवंत उंदीर घालायचा नाही, तो सापालाच चावतो आणि मुलांनी बघावं असं ते दृश्यही नव्हे. गोठवलेले मिळतात. फ्रिजमध्ये वितळवायचे, कोमट पाण्यात गरम करायचे, लांब चिमट्याने द्यायचे. मोठ्या सापाला दहा-बारा दिवसांतून एक, त्याच्या अंगाच्या जाडीएवढा. खाल्ल्यावर दोन दिवस त्याला हात लावायचा नाही. हात लावण्याआधी आणि नंतर साबणाने धुवायचे, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात. पाच वर्षांखालची मुलं घरात असतील तर हा छंदच नको, असं अमेरिकेची सीडीसी संस्था सांगते.

तडजोड अशी झाली की गॅलरीलगतच्या छोट्या खोलीत एक वेगळा लहानसा फ्रीजर. शिवाय एक पोटकलम, संकष्टीला उंदीर नाही. गणपतीचं वाहन आहे ते, त्या दिवशी तरी नको. मी म्हटलं, मान्य. सापाचा एक दिवस पुढे गेला तर त्याला काही फरक पडत नाही, आणि बायकोला पडतो.

म्हणजे सगळं जुळलं होतं. घरमालकाने होकार दिला, साप बघणारा पशुवैद्य फोन करून शोधला, परवानग्यांची चौकशी त्यालाच विचारून केली. तीन महिने संपत आले आणि कन्या काही विसरली नव्हती. तिनेच एक दिवस शीटवर बोट ठेवलं.

"बाबा, एक रकाना राहिला. आपण गेल्यावर त्याचं काय?"

मी काहीतरी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं.

इथल्या आयुष्याचं तुम्हाला सांगतो. आमचा व्हिसा दोन वर्षांचा. संपत आला की नूतनीकरण, पुन्हा दोन वर्षं. नोकरी आहे तोवर देश आहे. लोक पंधरा-वीस वर्षं असे दोन-दोन वर्षांच्या हप्त्याने राहतात. सोफा घेतानासुद्धा 'जाताना विकला जाईल ना?' हा प्रश्न आधी येतो. दर जूनमध्ये शाळा संपली की कोणाचं तरी कुटुंब कायमचं निघतं. माझ्या मुलीने सहा वर्षांत चार जिवलग मैत्रिणींना निरोप दिलाय. पहिल्या वेळी ती रडली होती. चौथ्या वेळी रडली नाही, आणि मला ते जास्त लागलं.

भारतात परत येताना पाळीव प्राणी म्हणून सोबत कुत्रा किंवा मांजर आणता येतं. साप नाही. म्हणजे माझ्या हातात दोन वर्षांची हमी आणि मी घेणार वीस वर्षांचा जीव. जाताना त्याला वाळवंटात सोडायचं म्हणजे मारणंच, अमेरिकेतल्या मक्याच्या सापाला इथल्या उन्हात एक दुपारही निघणार नाही.

मी म्हटलं, "मग नको घेऊया?"

ती म्हणाली, "पण मग आपण इथे काहीच घ्यायचं नाही का?"

असो. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मार्ग सुचला तो पशुवैद्याला. तो म्हणाला, पिल्लू कशाला घेता? दर उन्हाळ्यात, दर डिसेंबरात लोक देश सोडतात आणि त्यांचे प्राणी मागे राहतात. मांजरांना घरं मिळतात, सापांना कोणी विचारत नाही. एखादा मोठा झालेला साप घ्या. शिवाय पहिल्या वेळी मोठाच बरा. पिल्लू नाजूक असतं, घाबरून चावतं, कधी खातं कधी नाही. मोठ्याचा स्वभाव समोर दिसतो.

इतक्या पानांच्या अभ्यासात हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आपण नवीन वस्तू निवडतो तसा साप निवडत होतो!

नोव्हेंबरात असं एक घर मिळालं. स्कॉटलंडला परत जाणारं कुटुंब, खोकी भरून ठेवलेली, भिंतींवर फोटोंचे चौकोनी डाग. तिकडे आधी काही महिने तात्पुरत्या घरात राहायचं होतं. त्यांचा तेरा वर्षांचा मुलगा पेटीजवळ उभा होता. साप आठ वर्षांचा, पिंजऱ्यात जन्मलेला. मुलाने एक वही पुढे केली. पाच वर्षांचा असताना वडिलांच्या मदतीने सुरू केलेली, कधी खाल्लं, कधी कात टाकली, वजन किती, सगळं लिहिलेलं.

आम्ही पाठ केलेली यादी तपासली. डोळे स्वच्छ, तोंडाशी फेस नाही, खवल्यांत गोचीड नाही, शेपटीच्या टोकाशी जुनी कात अडकलेली नाही, जीभ सारखी लवलवतेय. मग तो मुलगा माझ्या मुलीला म्हणाला की हात वरून आणू नकोस, घार आली असं त्याला वाटतं. बाजूने आण, अंगाच्या मध्यावर धर, आणि पकडू नकोस, त्यालाच तुला धरू दे.

तिने हात पुढे केले. साप तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत गेला आणि थांबला. ती कुजबुजली, "बाबा, गुळगुळीत आहे. ओला नाहीये." साप ओलसर बुळबुळीत असतो असं मलाही लहानपणी वाटायचं. मडक्यातल्या नागाला मी कधी हात लावला नव्हता.

निघताना तिने त्या मुलाला नाव विचारलं. नूडल. गाडीत मी म्हटलं, आता आपण त्याला छानसं मराठी नाव ठेवू. ती म्हणाली, "नको. त्याचं घर बदललं, निदान नाव तरी राहू दे."

आजी त्याला शेवई म्हणते. तिचा विरोध अजून मागे घेतलेला नाही, पण फोनवर पहिला प्रश्न हल्ली "शेवईने खाल्लं का?" हाच असतो.

साप माणसावर प्रेम करतो का? नाही. तो तिला ओळखतो की नाही हेही मला सांगता येणार नाही, सरावतो एवढं नक्की. हाक मारली तर येत नाही, शेपूट हलवत नाही. तिला याचं वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. पण रोज संध्याकाळी ती पेटीसमोर खुर्ची टाकून बसते, पाणी बदलते, दोन्ही बाजूंचं तापमान वहीत लिहिते. वही तीच, त्या मुलाची. त्याचं शेवटचं पान जिथे संपलं त्याच्या खालच्या ओळीपासून तिने सुरुवात केलीय. आणि मागच्या पुठ्ठ्यावर तिने तीन ओळी आखल्यात. आधीचं घर, आताचं घर, पुढचं घर. तिसरी ओळ रिकामी आहे. तिथे काय लिहायचं हे ठरवण्यासाठी तिने वर्गातली दोन मुलं हेरून ठेवलीत आणि अधूनमधून त्यांना नूडल बघायला बोलावते. माझा व्हिसा पुढच्या वर्षी संपतो. शीटमधला तो रकाना ती अशा रीतीने स्वतःच भरतेय.

गेल्या आठवड्यात नूडलचे डोळे दुधाळ झाले, तो दोन-तीन दिवस लपून बसला. काल सकाळी पेटीत पूर्ण कात पडलेली होती, एकसंध, डोळ्यांवरच्या दोन गोल काचांसकट. लेकीने फोटो काढून स्कॉटलंडला पाठवला. पाच मिनिटांत तिकडून उलट प्रश्न आला, लांबी किती?

माझी मोजपट्टी घेऊन आम्ही दोघं जमिनीवर बसलो. एकशे सदतीस सेंटिमीटर. निघताना कात ताणली जाते, त्यामुळे ती खुद्द सापापेक्षा लांब भरते, तेवढं वजा करायचं असतं. तिने आकडा कळवला, खाली ही टीपही लिहिली.

"त्याला माहीत असेल गं," मी म्हटलं.

"असू दे," ती म्हणाली आणि वहीत तारीख घातली.